सयाजीरावांनीं मुदतीआधीं घर सोडविलें त्याची हकिकत

शके अठराशें नव्याण्णव, पिंगलनाम संवत्सरे, माघमासीं सोमवारीं, दोन प्रहरीं अडीच वाजतां, सांगली मुक्कामीं राजमान्य राजश्री सयाजीराव माने, एसटी खात्याचे कंडक्टर, यांच्या दोन खोल्या, पडवी आणि न्हाणी ऐशा इमारतीचें गहाणखत गृहबांधणी सोसायटीच्या लोखंडी कपाटांतून सुटलें. मुदतीस सात वर्षें बाकी होतीं. रक्तपात जाहला नाहीं. चहा जाहला, आणि तोही सोसायटीच्या खर्चानें, जें पूर्वीं कोणी देखिलें नव्हतें.

या मोहिमेचें मूळ ऐसें. घराचा पाया खणतेसमयीं सयाजीरावांचे श्वशुर हंबीरराव, कोरेगांवप्रांतींचे बागाईतदार, यांनीं दोन म्हशी विकून रक्कम देऊं केली. सयाजीरावांनीं, "मामा, माजं घर मी बांदतो," ऐसा जबाब देऊन सोसायटीचें कर्ज उचललें. तेव्हां हंबीररावांस क्रोध येऊन भर पाव्हण्यांत फर्मान सुटलें कीं, "बांदा. पर सोसायटीच्या घरात मी पाय ठेवायचा न्हाई. तुमचं झालं की सांगा, तवा यीन."

मग हंबीरराव घेवड्याच्या बाजारास सांगलीस येत, आणि स्टँडवरच्या बाकावर तळ देत, आणि कन्या विजयमालाबाई तेथें भाकरी-कालवण घेऊन जात, आणि बापलेक एसटीच्या धुरांत जेवून आपापल्या मुलखीं परतत. ऐसीं पांच वर्षें लोटलीं आणि हंबीररावांचे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टरांनीं शस्त्र सुचविलें, तें "डोळ्यात सुरी घालू देत न्हाई" म्हणून नामंजूर जाहलें. तेव्हां विजयमालाबाईंनीं घरीं हुकूम सोडिला: "आबांना दिसतंय तवर घर आपलं झालं पायजे. पंधरा वर्सांची मुदत सपल्यावर दाखवून काय चाटायचंय?"

मोहीम सुरू जाहली. चहांतील साखर बरखास्त होऊन गूळ कायम जाहला, आणि सिनेमा बंद, आणि जत्रा बंद, आणि भिंतींचा रंग बेमुदत तहकूब, ऐसें ठरलें. जतची मुक्कामी गाडी, जिच्या नांवानें सारा डेपो आजारी पडे, ती सयाजीरावांनीं आपण होऊन मागितली, आणि मेंढरांच्या वासांत निजून भत्त्याची रसद आणिली. विजयमालाबाई हळदीच्या पेठेंत हळकुंडें निवडावयास जाऊं लागल्या आणि रोज सांजेस नवरीसारख्या पिवळ्या होऊन घरीं येऊं लागल्या. महिना भरतां हप्ता, आणि हप्त्यावर जादा रक्कम, ऐसा दुहेरी मारा सोसायटीच्या खिडकीवर चालला.

येथें सयाजीरावांकडून चूक जाहली, जी एसटीच्या माणसाकडूनच व्हावी. कंडक्टराजवळ सुटे नसले तर राहिलेली रक्कम तो तिकिटाच्या पाठीवर लिहितो, आणि उतारू तें तिकीट मुठींत धरून निश्चिंत बसतो. सयाजीरावांची सारी हयात या विश्वासावर चाललेली. सोसायटीचे कॅशियर मधुकरपंत यांनीं जादा रक्कम घेतली आणि पावतीच्या पाठीवर "जादा जमा, पुढें पाहूं" ऐसें लिहून दिलें, तें सयाजीरावांनीं रोख्याप्रमाणें कपाळीं लाविलें. दोन वर्षें लाविलें.

मग एके सांजेस विजयमालाबाईंनीं विचारिलें, "आवं, यवढं वतलं, तर याज कमी का हुईना?"

"पाठीमागं लिवलंय की त्यांनी."

"पाठीमागं लिवल्यालं तुमी तरी सगळ्यांचं आठवणीनं देता व्हय?"

क्वचित् एखादा उतारू विसरून उतरे, हें सयाजीरावांस ठाऊक होतें, सबब ते पावत्यांची चळत काढून बसले.

दुसरे दिवशीं मधुकरपंतांनीं खुलासा केला कीं, उशिरा भरणारास दंडाचा नियम आहे, आधीं भरणारास मात्र रकानाच नाहीं, सबब सर्व रक्कम अनामतींत पडून आहे आणि व्याज पहिल्यासारखेंच चालूं आहे. सयाजीराव चेअरमन बाळासो यांच्या बैठकीस गेले. बाळासोंनीं पान जुळवीत निवाडा दिला: "पैसे सुखरूप हायत. मुदत सपली की बघू. गडबड काय हाय? समदीच आदी फेडाय लागली, तर सभेला चिवडा कशातनं आणायचा?"

सयाजीराव जतच्या गाडीवर गेले आणि त्या रात्रीं जेवले नाहींत.

पुढें पौषांत एके सकाळीं बाळासो चेअरमन फेटा बांधून सातारच्या गाडींत चढले, आणि त्या दिवशीं त्या गाडीवर कंडक्टर सयाजीराव होते. कन्येच्या सोयरिकीचें बोलणें होतें. तिकिटास त्यांनीं शंभराची अखंड नोट काढिली. सयाजीरावांनीं टिकटिक वाजवून तिकीट दिलें आणि राहिलेली रक्कम पाठीवर लिहिली. इस्लामपूर गेलें, कराड गेलें, पेटींत सुटे मावेनात, तरी बाकी परत होईना. उंब्रजेस बाळासोंनीं हात पुढें केला.

"सयाजी, माजं राहिल्यालं?"

"सुखरूप हाय, साहेब. अनामतीत."

"आरं, पाव्हण्यांकडं कंदी पेढं न्यायचंत. दुसरा पैसा न्हाई खिशात."

"मुदत सपली की बघू. गडबड काय हाय?"

मागील बाकावर कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेल्या सुलाबाई म्हणाल्या, "द्या की वं त्यांचं त्यास्नी. मोकळ्या हातानं गेला तर लगीन मोडंल."

"पाठीवर लिवलंय की, मावशी," सयाजीराव बोलिले.

गाडी हंसली. बाळासो लाल होऊन तक्रार-पुस्तक मागते जाहले. त्या पुस्तकांत एक ओळ पडली तर सयाजीरावांची नोकरी जाती, आणि नोकरीसवें घरही जातें. तरी त्यांनीं पुस्तक दिलें आणि पेनही दिलें. बाळासोंनीं तारीख लिहिली. गाडी नंबर लिहिला. मग तक्रारीचें कारण लिहावयाचें आलें आणि पेन थांबलें. कंडक्टरानें पैसे अनामतींत ठेविले, ऐसें चेअरमनच्या सहीनें कोणत्या तोंडानें लिहावें? नागठाणें येईतों पेन थांबलेंच होतें.

मग बाळासोंनीं पुस्तक मिटलें, पिशवींतून सोसायटीचा छापील कागद काढिला आणि मधुकरपंतांस हुकूम लिहावयास घेतला कीं, माने यांची सर्व जादा रक्कम भरल्या तारखेपासून मुदलांत वळवावी आणि जादा घेतलेलें व्याज वजा घालावें. मात्र कागदाची पाठ वर धरिली होती.

"म्होरल्या बाजूला लिवा, साहेब," सयाजीराव बोलिले. शाई वाळतांच त्यांनीं चेअरमनची सारी बाकी, शेवटल्या नाण्यापर्यंत, त्यांच्या पदरीं मोजली. पेढे गेले, सोयरीक जुळली.

माघांत हिशेब जाहला. उरलें तें थोडकें, तें हळदीच्या पैशांतून त्याच खिडकीवर भरलें, आणि पावतीवर "कर्ज निरंक" ऐसें पुढल्या बाजूस लिहून घेतलें. येणेंप्रमाणें सयाजीराव माने यांनीं घर सोडविलें आणि फत्ते जाहली, ती येथें नमूद केली असे.

दुसरे दिवशीं सयाजीराव सातारची गाडी घेऊन गेले. निरोप पोंचला होता, सबब हंबीरराव काठी टेकीत सातारच्या स्टँडवर आले, घेवड्याचें गाठोडें मांडीवर घेऊन परतीच्या गाडींत जांवयाशेजारीं बसले, आणि वाटेंतील हरएक गांवीं "आलं का" ऐसें पुसत राहिले. पेठनाक्यास म्हणाले, "जावयबापू, रंग कंचा दिलाय? लांबनं वळखू यायला बरं."

"रंग न्हाई दिला, मामा. रंगाचं पैसं सोसायटीला दिलं."

हंबीररावांनीं मांडीवरचें गाठोडें सारखें केलें. मग म्हणाले, "म्हंजी इटाच दिसतील."

"व्हय. इटाच."

"दिसल्या तर."

गाडीनें सांज होतां होतां इस्लामपूर सोडिलें, तों चाक पंक्चर जाहलें. विजयमालाबाई इकडे उंबऱ्याशीं भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या आहेत. आबांच्या डोळ्यांस पुरेल ऐसें ऊन विटांच्या वरच्या चार थरांवरच उरलें आहे. गाडी वाटेंतील आष्ट्यास तरी पोंचली कीं नाहीं, याची खबर अद्याप आलेली नाहीं.