ऐकले नसल्याचा ठराव

गोठेवाडी दूध उत्पादक सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा त्या साली संस्थेच्याच चारा छावणीत भरली. दुष्काळामुळं गावात माणसांना बसायला सावली उरली नव्हती. छावणीत मात्र जनावरांसाठी मंजूर झालेला मांडव होता. ती सावली सभेपुरती माणसांकडं वर्ग करण्यात आली आणि जनावरं रीतसर उन्हात बांधण्यात आली.

पहिल्या रांगेत जानकीबाई बसल्या होत्या. महिला राखीव जागेवरच्या संचालक. चौदा वर्षं संचालक होत्या, सभेला आज पहिल्यांदा आल्या होत्या. एरवी सचिव गहिनीनाथ रजिस्टर घेऊन घरी यायचा, जानकीबाई पिठाचे हात पदराला पुसून सही करायच्या, की झाल्या त्या सभेला हजर. चेअरमन बबनराव हेच त्यांचे यजमान असल्यानं लोकशाहीला फार लांब जावं लागत नसे.

आज त्यांना मुद्दाम आणलं होतं, कारण परदेशातली सूनबाई फोनवरून सभेला शुभेच्छा देणार होती.

मुलगा उत्तरेश्वर संस्थेच्या ठरावानं हॉलंडला दुधाचा अभ्यास करायला गेला होता. अभ्यास दोन आठवड्यांचा मंजूर झाला, दौरा सहा वर्षांचा झाला. तिकडंच त्यानं मार्लीस नावाच्या मुलीशी लग्न केलं. बातमी आली तेव्हा बबनरावांनी तीन दिवस अन्न सोडलं. चौथ्या दिवशी कळलं, की व्याह्याच्या गोठ्यात दोनशे गाई आहेत. मग जेवले.

आता मार्लीसला सहावा महिना होता. चौसाळ्याच्या हायवेवर फ्लेक्स लागला होता: 'चेअरमनसाहेबांच्या नातवाचे लवकरच आगमन. शुभेच्छुक, संचालक मंडळ.' नातवाचा फोटो उपलब्ध नव्हता, म्हणून कुठलंसं गोरं बाळ शोधून त्याला फेटा बांधला होता.

जानकीबाईंना फ्लेक्सचं काही नव्हतं. त्यांना जायचं होतं. पासपोर्ट आला होता, व्हिसाचा शिक्का बसला होता. डिंकाचे लाडू, खारीक, बाळंतशेपा, जुन्या लुगड्याची चार दुपटी आणि एक कुंची, असं सगळं बॅगेत भरून तयार होतं. "पोरीला आई न्हाई," त्या ज्याला त्याला सांगत. "परमुलखात तिचं बाळंतपण कोण करील? मी जाणार हाय."

सभा सुरू झाली. विषय क्रमांक सहा: सभासदांच्या गाईंना मादी वासराच्या हमीचं रेतन अर्ध्या खर्चात देणं. "मंजूर! मंजूर!" मांडव दणाणला. या योजनेचा मोठा फलक संस्थेच्या दारावर होताच: 'आता मादीच जन्मेल! आमची हमी!' उत्तरेश्वरनं त्याचा फोटो एकदा बायकोला दाखवला होता, अर्थही सांगितला होता. आपला नवरा अशा गावचा आहे, जिथं मादी जन्मावी म्हणून संस्था पैसे देते, याचं मार्लीसला भारी कौतुक वाटलं होतं.

म्हणून तिनं शुभेच्छांबरोबर सभेला एक खुशखबर भेट द्यायची ठरवली. फोन कर्ण्याला जोडला गेला, पडद्यावर तिचा हसरा चेहरा आला आणि नवऱ्यानं घोटून घेतलेली वाक्यं तिनं खणखणीत म्हटली.

"रामराम मंडळी! इकडच्या डॉक्टरनं मशीनवर बघितलं. आमाला मुलगी होणार हाय! आमी लई खूश हाव!"

बाहेरच्या सातशे जनावरांनी रवंथ थांबवला म्हणतात.

"आवाज तुटतोय," बबनराव म्हणाले.

"कुठं तुटतोय, दादा?" उत्तरेश्वर पडद्यात डोकावला. "बरं, परत सांगती."

मार्लीसनं परत सांगितलं. यावेळी टाळ्या वाजवून. कर्णा पार पाझर तलावापर्यंत ऐकू जात होता.

बबनरावांनी स्वतः उठून वायर उपटली.

गहिनीनाथचा पेन अधांतरी राहिला. "साहेब, इतिवृत्तात काय लिहू?"

"काय लिहू म्हंजी? डोकं हाय का बे तुला? पोटातलं लेकरू काय हाय ते सांगणं आपल्याकडं गुन्हा हाय. मंग ऐकणं बी गुन्हाच. आपुन कायद्याची माणसं. लिही."

गहिनीनाथनं लिहिलं आणि वाचून दाखवलं: "ठराव क्रमांक अकरा. कायद्याचा आदर राखून सभेने वरील मजकूर ऐकलेला नाही."

"मंजूर! मंजूर!"

हा कायदा सभेला तोंडपाठ होता. ज्यांनी तो रात्रीच्या जीपनं आणि दुप्पट पैशानं मोडला होता त्यांना तर जास्तच. त्या वेळी मुलगी असली, की डॉक्टर नुसता पावतीला टाचणी टोचायचा आणि तेवढं सगळ्यांना ऐकू यायचं. आज फुकटात कर्ण्यावर सांगितलं, तर तीनशे माणसं बहिरी झाली.

तेवढ्यात छावणीचा राखणदार हरिबा उन्हातून ओरडत आला, "कालवड झाली! धोंडीरामच्या गाईला कालवड झाली!"

मागच्या रांगेत बसलेल्या, दहा वर्षं ठार बहिऱ्या धोंडीरामला पहिल्यांदा ऐकू आलं. गुलाल उधळला गेला. पेढे वाटले. बबनरावांनी कालवडीच्या आईला खोबऱ्याची वाटी जाहीर केली आणि ताज्या गुलालाच्या कपाळानंच पुढचा विषय घेतला.

"सूनबाईला काय होणार हे सभेला ठाऊक न्हाई. ठाऊक नसलेल्या कामासाठी संचालकानं ऐन दुष्काळात परदेशी जावं का?"

"न्हाई! न्हाई!"

ठराव क्रमांक बारा: संचालकांचा परदेश प्रवास रद्द. सुरक्षिततेसाठी पासपोर्ट संस्थेच्या तिजोरीत जमा. मंजूर.

जानकीबाई उठल्या. सभेत बाई उठली की लोकांना वाटतं चहा सांगायला उठली.

"मी ऐकलंय," त्या म्हणाल्या.

"अगं, बस खाली."

"बसून बसून चौदा वर्सं गेली, आवो. मी ऐकलंय. मला नात होणार हाय. उत्तरेश्वरच्या आधी दोन डाव तुमी मला जीपमदी घालून नेलं. दोन्ही डाव पावतीला टाचणी होती. मी तवा बी ऐकलं, पर बोलले न्हाई. ही तिसरी हाय. हिला मी माझ्या हातानं न्हाऊ घालणार."

गहिनीनाथ मान खाली घालून लिहीत होता: 'एक महिला संचालक उभ्या राहिल्याचे सभेने पाहिले. गाईंच्या हंबरण्यामुळे पुढील काही ऐकू आले नाही.'

दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणं रजिस्टर घेऊन घरी आला. जानकीबाईंनी चौदा वर्षांत पहिल्यांदा हात धुऊन, चष्मा लावून सगळं वाचलं.

"गहिनीनाथ, हे खोटं हाय."

"काकू, खोटं म्हंजी इतिवृत्त हाय."

"मी सही करायची न्हाई."

गहिनीनाथला त्यांच्याबद्दल खरोखर वाईट वाटलं. त्यानं हळू आवाजात समजावलं, "काकू, सही न्हाई तर तुमी सभेला हजरच न्हवता. हजर न्हवता तर उभ्या कशा राहिल्या? मंग तेवढी ओळ बी खोडावी लागल."

आणि त्यानं ती खोडली.

जानकीबाईंची बॅग दाराशी तशीच आहे. लाडवांना वास यायला लागला म्हणून त्यांनी ते काढून टाकले, कुंची ठेवली. मार्लीसला नववा लागला आहे. ती फोन करून विचारते, "आई, तुमी कवा येनार?" पासपोर्ट तिजोरीत आहे.

मात्र सहकारात अन्याय होऊ नये अशी सोय असते. इतिवृत्त वाचून झाल्यावर एका जरी माणसानं हात वर करून हरकत घेतली, तरी दोन्ही ठराव पडतात आणि तिजोरी उघडावी लागते. हरकत आली नाही, तर मजकूर सर्वांनी ऐकून मान्य केला असं धरून इतिवृत्त कायम होतं.

वाचन आत्ता संपलं. गहिनीनाथ पेन उघडून तुमच्या हाताकडं बघतो आहे. पुस्तक धरलेलं आहे, म्हणून हात वर झाला नाही, हे तो समजून घेईल.

त्यानं लिहिलं आहे: मंजूर.