किसनरावांचा विश्वास

आमच्या चाकणच्या प्रयोगशाळेतले किसनराव कुठल्याही लोखंडी खुर्चीवर बसण्याआधी तिचे चारही पाय किल्लीनं वाजवून बघतात. आवाज पटला तर टेकतात, नाहीतर उभे. मॅनेजरसाहेबांच्या मुलीच्या लग्नात मांडवातल्या सगळ्या खुर्च्या नापास झाल्या आणि हा गृहस्थ वधूपित्याच्या डोळ्यांदेखत उभ्यानं बासुंदी प्यायला.

दोष त्यांच्या कामाचा. जाड पोलादी भांड्यात ते हायड्रोजन भरतात, टायरमधल्या हवेच्या शेकडोपट दाबानं, आणि आत पोलादाच्या कांड्या आठवडेच्या आठवडे ठेवतात. मग कांडी काढून यंत्रावर ताणायची. एवढ्या दाबाखाली हायड्रोजन पोलादाच्या पोटात शिरतो आणि वरून चकचकीत दिसणारी कांडी खडूसारखी मोडते.

"लई बारीक पाव्हना हाय, साहेब," किसनराव सांगतात. "दार वाजवीत न्हाई."

या कामात पडल्यापासून वरवरच्या चांगल्यावर त्यांचा भरवसा नाही. कुणी 'मजेत' म्हणालं की हे विचारणार, "कशावरून?" नव्या एचआरच्या बाईंना त्यांनी पहिल्याच दिवशी रडकुंडीला आणलं. मलाही त्यांचा वैतागच यायचा, खोटं कशाला बोलू.

मार्चमध्ये माझी बायको माहेरी निघून गेली, परत न येण्यासाठी. चौथ्या दिवशी मी दाढी करून कामावर हजर. सगळ्यांना सांगितलं, बरं चाललंय. किसनरावांनी काही विचारलं नाही. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये शेजारी येऊन बसले, निगडीला माझ्याबरोबर उतरले, माझ्या सोसायटीच्या फाटकापर्यंत न बोलता चालले आणि मागं वळले. दुसऱ्या दिवशीही तेच. असे पंधरा दिवस.

मग कॅन्टीनमध्ये कळलं की ते राहतात कुरुळीला, कंपनीच्या भिंतीला लागूनच. माझं डोकंच फिरलं. त्या संध्याकाळी निगडीच्या स्टँडवरच त्यांना अडवलं.

"किसनराव, मला राखणदार नकोय. मी बरा आहे."

"धाकल्यानंबी असंच सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "माझा भाऊ. मी ऐकलं अन् शिफ्टला गेलो. घरी आलो तर..."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"नाही हो," मी म्हणालो, "बरा नाही मी." आईलासुद्धा हे सांगितलं नव्हतं.

त्यांची परतीची बस लागली होती. कंडक्टर हाका मारत होता. किसनरावांनी हातानंच त्याला जा म्हणून सांगितलं.