प्रज्ञेशराव बिऱ्हाडे यांनी हजीऱ्याचा परवाना सर केला त्याची हकीकत

तापीमाई जेथे दर्यास मिळते त्या सुरत प्रांती, नवागाम मुक्कामी, राजमान्य राजश्री प्रज्ञेशराव बिऱ्हाडे यांनी नोकरीपायी जो पराक्रम केला, तो पुढिलांस कळावा म्हणोन लिहून ठेविला असे. आत तिखटमीठ थोडे आहे. बाकी घडले तेच आहे.

प्रज्ञेशराव पलसाण्याच्या रंगकारखान्यात बहुत वर्षे खपले आणि नखे निळी ती निळीच राहिली. मग नशिबाने उचल खाल्ली आणि हजीऱ्याच्या एका बंदरात, जेथून जहाजांवर नजर ठेवितात त्या खोलीत, त्यांची निवड जाहली. परंतु त्या खोलीचा परवाना चौकशीवाचून मिळत नसे. अर्जात सवाल होता की, कर्ज आहे काय? कर्ज होते. आपल्याच वरातीस दोन डीजे लाविले, त्यापायी पतपेढीचे देणे अंगावर बसले आणि वर हप्तेही थकले. हे लिहावे तर पुन्हा पलसाणा, ही प्रज्ञेशरावांस धास्ती. मग मातोश्री सीताबाईसाहेब यांनी फर्मान काढिले की, 'नाही' लिही आणि गप बस. प्रज्ञेशरावांस 'नाही' लिहवेना आणि 'आहे' लिहायची छाती होईना, म्हणोन रकाना कोराच ठेवून अर्ज रवाना केला.

त्याउपरि खबर आली की, चौकशीचे देसाईसाहेब, पूर्वीचे फौजदार, आइतवारी खासे घरी येणार. मातोश्रींनी गल्लीची मसलत भरविली. पोरगी पाहायला पाहुणे येतात तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सामान आणून घर सजवायचे, हा गल्लीचा जुना दस्तूर. तोच येथे चालवावा ऐसे ठरले. मग लक्ष्मणरावांचा सोफा आला आणि सखुबाईंचा दोन दारांचा फ्रिज आला आणि पलीकडल्यांचा भिंतभर टीव्ही आला, आणि त्या एवढ्याशा खोलीत माणसांस उभे राहण्यास ठाव उरला नाही. सूनबाई विशाखा पोह्यांची बशी घेऊन तैनात जाहल्या.

साहेब आले, सोफ्यावर बसले, पोह्यांस हात लाविला नाही. रंगकारखान्याचा पगार केवढा आणि हा सरंजाम केवढा, हे मनाशी ताडून त्यांनी पुसले, "आ बधुं क्यांथी आव्युं?" म्हणजे हे सगळे आले कोठून? एवढी दौलत पगारात बसत नाही, तर हिचा देणारा धनी कोण, ऐसा वहीम त्यांचे मुखावर स्पष्ट दिसला. सोंग अंगाशी आले होते.

प्रज्ञेशरावांनी मनाशी हिशेब केला. एक थाप मारावी तर तिच्यामागे आणखी माराव्या लागणार, आणि एवढ्या थापा सुचणार कोणास? मग त्यांनी डोळे मिटले आणि सगळेच ओकून टाकिले की, सोफा लक्ष्मणरावांचा, टीव्ही पलीकडल्यांचा, अंगातला सदराही मेव्हण्याचा. आपले म्हणावे ऐसे घरात फक्त ते कर्ज. इतक्यात फ्रिज आपला असल्याची नोंद व्हावी म्हणोन दारातून सखुबाई वदल्या, "साहेब, फ्रिज मना शे. लिखी ल्या."

त्यावर साहेबांनी निवाडा दिला की, कर्ज असणे हा गुन्हा नव्हे. परंतु कर्ज लपविणारा माणूस फितविता येतो, कोणीही त्याचे गुपित धरून बंदराचा दरवाजा उघडवून घेईल. सबब थकले हप्ते भरावे, आणि कोरा रकाना आत्ताच्या आत्ता आपल्या हाते भरावा. प्रज्ञेशरावांनी 'आहे' लिहिले आणि त्यांस पुष्कळ हलके वाटले. मग साहेबांनी मातोश्रींस पुसले, पोरगा भरवशाचा आहे काय?

सीताबाईसाहेबांनी मान खाली घातली.

"खोटं बोलायचं मीच शिकवलं व्हतं, साहेब," त्या म्हणाल्या. "याला ते बी जमलं नाही."

साहेबांनी थकल्या हप्त्यांची पावती येईतो दम धरिला आणि मग परवाना इनायत केला. हजीरा सर जाहला, हे येथे नमूद असे. दप्तरी परवाना देण्याचे कारण म्हणोन मातोश्रींचे ते बोल जसेच्या तसे उतरविले आहेत. दुसरे कारण लिहिलेले नाही.