खाजेचा दाखला

अंबुबाईंच्या अंगणात उडदाच्या पापडाचं पीठ कुटून झालं, लाट्या पाडून झाल्या, बेळगावजवळच्या कंग्राळीतल्या त्यांच्या गल्लीतल्या अकरा बायका पोळपाट मांडून बसल्या, आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर अंबुबाईंच्या सुनेच्या, सौम्याच्या, डाव्या हाताला खाज सुटली.

ही खाज साधी नव्हती. हातावर पुरळ नाही, डास चावल्याची खूण नाही, नुसती आतून पेटलेली. तीन वर्षांपूर्वी सौम्याला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं कळलं, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या सासऱ्यांना, भावकूंना, सोपं करून सांगितलं होतं, "बोअरच्या मोटरची वायर सोलली की करंट कुठंही फुटतो ना? तसं नसांचं झालंय." भावकूंना ते लगेच पटलं. गल्लीला मात्र कुणी समजावलं नव्हतं. सून आजारी आहे, एवढंच गल्लीला ठाऊक. म्हणून तीन वर्षांत हळदीकुंकवापासून शेवयांपर्यंत तिला कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्या मायेनंच म्हणायच्या, "तू पड गं घरात." पडून पडून सौम्या विटली होती. आज पापड आपल्याच दारात, म्हणून ती हट्टानं लाटणं घेऊन सावलीत बसली होती.

तिनं मांडी बदलली, दातओठ खाल्ले, मनात पाढे म्हटले. साताच्या पाढ्याला धीर सुटला आणि तिनं कराकरा खाजवलं.

शेजारच्या जयाबाईंचं लाटणं थांबलं. "काय झालं गं हाताला?"

"काय न्हाय काकी, नुसतं खाजतंय."

"दिसत तर काय न्हाय की! खरूज असंल. पयल्यांदा ती दिसतच न्हाय."

खरूज म्हटल्याबरोबर जयाबाईंचीच मान खाजायला लागली. ते बघून नागुबाईंची पाठ. हात पुरेना म्हणून नागुबाईंनी लाटणं वापरलं. पाच मिनिटांत अकराच्या अकरा बायका खाजवत होत्या आणि परातीतल्या लाट्यांना हात लावायला कुणी तयार नव्हतं.

सौम्याचा चेहरा उतरला. हातातलं लाटणं तर जाणारच होतं. वर 'खरजेचं घर' असं नाव पडलं, तर पुन्हा या दारात कोण आलं असतं?

"कुणी उठायचं न्हाय!" अंबुबाई गरजल्या आणि त्यांनी उपकेंद्रातल्या सिस्टरना फोन लावला. सिस्टर स्कूटीवरून आल्या. टॉर्च मारून त्यांनी अकरा माना, बावीस हात आणि नागुबाईंची पाठ तपासली.

"एनू इल्ला! कुणाला काही नाही. दुसऱ्याचं बघून खाजतंय तुम्हाला."

"मग तसं लिहून द्या," जयाबाई म्हणाल्या.

"मी कसं देणार? त्याला डॉक्टर लागतात."

हे ऐकून अंबुबाई आत गेल्या आणि सौम्याची फाईल घेऊन आल्या. सिस्टरनी पानं उलटली, मागं अशीच खाज सुटली तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या एका इंग्रजी चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि मराठीत सांगितलं, "खाज नसांमुळे आहे. कातडी निरोगी. कुणालाही लागत नाही. खाली सही, शिक्का."

शिक्का अकरा जणींनी हातोहात बघितला. मग जयाबाईंनी निवाडा दिला, "म्हंजे कागद हिच्या एकटीकडंच हाय. आमच्यात कुणाकडं न्हाय. मग पिठाला हात हिनंच लावायचा."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि लाटणी मांडीवर ठेवली. समोर सहाशे लाट्या. सौम्याच्या डाव्या हाताला जोर नव्हता. पहिला पापड बेळगावकडं जाड झाला आणि निपाणीकडं फाटला. दुसरा पोळपाटालाच चिकटून बसला. तिसऱ्याला तिला हसू आवरेना. "काकी, असं केलं तर पुढच्या उन्हाळ्यापतुर बसाय लागंल!"

"साबणानं हात धुवा आणि मुकाट्यानं लाटा," सिस्टर ओरडल्या. अकरा जणी रांगेनं नळावर गेल्या. अंबुबाईंनी फ्रिजमधली दुधाची थंडगार पिशवी टॉवेलात गुंडाळून, काही न विचारता, सौम्याच्या हातावर ठेवली. सौम्याला जरा बरं वाटलं. दुपारपर्यंत तिनं चौदा पापड लाटले. गल्लीनं मोजून कौतुक केलं.

संध्याकाळी जयाबाई दारात हजर. "आक्का, उद्या आमच्यात पापड हाय. सौम्याला पाठवा."

सौम्याचा हात तेव्हाही खाजत होता. पण तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं नाव घेऊन बोलावणं केलं होतं, आणि तिला त्या खाजेचे मनापासून आभार मानावेसे वाटले.

"मीबी येतो की," अंबुबाई म्हणाल्या.

"तुमी नको, आक्का," जयाबाई अवघडून म्हणाल्या. "तुमच्याकडं कुठं कागद हाय?"