फुकटची हजामत

"पगार किती देणार?" बायकोने विचारलं.

"ते शुक्रवारी कळेलच," हेडक्लार्क ऐटीत म्हणाले. "पहिली कमाई तुझ्या हातावर ठेवतो की नाही बघ!"

निवृत्त होऊन चार महिने झाले होते आणि "नुसते बसलाच आहात तर" अशी सुरुवात होणारी कामं ऐकून ते पार विटले होते. म्हणून त्यांनी गुप्त ग्राहकाची नोकरी धरली. साधं गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरायचं, तिथली माणसं कशी वागतात ते गुपचूप बघायचं आणि कंपनीला अहवाल धाडायचा. आता कंपनीने नेमून दिली ती केशकर्तनालयं, तीही आठवड्यात तीन, याला ते बिचारे काय करणार!

सोमवारी केस बारीक झाले. बुधवारी दिसेनासे झाले. शुक्रवारी तिसऱ्या दुकानातल्या कारागिराने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कात्री खाली ठेवली.

"काका, कापू काय?"

"काहीही काप, पण बिल दे! बिलाशिवाय अहवाल घेत नाहीत... म्हणजे, घरचे विश्वास ठेवत नाहीत."

"न कापता बिल दिलं तर मालक मलाच भादरेल." मग त्याची नजर जरा खाली सरकली. "मिशी आहे की!"

तीस वर्षांची मिशी हो! हेडक्लार्कांनी डोळे गच्च मिटून घेतले. मग तिथेच बाकावर बसून त्यांनी अहवाल धाडला आणि घर गाठलं.

बायकोने दार उघडलं. "कोण पाहिजे?" आणि मग किंचाळलीच, "अगं आई गं! अहो, हे काय करून आलात?"

"कमाई," ते पुटपुटले. तेवढ्यात कंपनीतल्या बाईंचा फोन आला. बायकोनेही ऐकावं म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"सर, अहवाल झकास! तिन्ही बिलांचे पैसे आजच परत पाठवते."

"आणि पगार?"

"तोच की सर! तुमची हजामत फुकटात झाली ना!"

हेडक्लार्कांचा हात नसलेल्या मिशीकडे गेला. बायकोने फोन हिसकावला. नवऱ्याला बोल लावायचा हक्क तिचा होता, पण त्याला कुणी असं फुकट राबवलेलं तिला खपणार नव्हतं.

"अहो बाई, ह्यांनी खुर्च्या मोजल्या, टॉवेलांचे वास घेतले, चाळीस-चाळीस प्रश्नांची उत्तरं लिहिली. खिशातलेच पैसे खिशात परत आले, याला पगार म्हणतात होय? तुम्हाला चालेल का असं?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग बाई हळूच म्हणाल्या, "ताई, कुणाला सांगू नका हं. मलाही फक्त या फोनचं रिचार्जच मिळतं."

बायको हबकलीच. तिने एकदा नवऱ्याच्या गुळगुळीत ओठाकडे पाहिलं आणि घाबरत घाबरत विचारलं, "बाई, तुमचे केस तरी आहेत ना जागेवर?"