विम्यापुरता वारलेला ट्रेव्हर

नायजेल हॅन्सफर्डने फक्त बघायचं ठरवलं होतं. नुसतं बघायला काय जातं? ब्रिडपोर्टच्या आपल्या छोट्या घरातली वीज, गॅस, टेलिफोन आणि गाडीचा विमा यांच्या कंपन्या तो दरवर्षी बदलत असे, आणि किती पैसे वाचवले ते रविवारी जेवताना, बटाट्यांवर ग्रेव्ही ओतता ओतता, बायकोला ऐकवत असे. निवृत्त माणसाला काहीतरी पराक्रम लागतोच. (नोकरीत असताना तो नगरपालिकेच्या वाहनतळ विभागात होता. तिथे पराक्रमाला फारसा वाव नव्हता.)

घरातली एकच गोष्ट आजवर त्याच्या तावडीतून सुटली होती. ट्रेव्हरचा विमा.

ट्रेव्हर म्हणजे त्यांचा बॅसेट हाउंड जातीचा कुत्रा. वय नऊ. पाय आखूड, पाठ लांबलचक, कान जमिनीला टेकणारे, आणि चेहरा असा की रस्त्यातली अनोळखी माणसंही थांबून विचारत, "काय झालं हो याला?" काही झालेलं नसे. तो जन्मतःच सुतकी होता. पण खाण्याच्या बाबतीत नायजेलला त्याचं मनापासून कौतुक होतं. एक लोकरी मोजा, बागकामाचा हातमोजा, अर्धा टेनिस बॉल आणि चर्चच्या जत्रेत दुसरं बक्षीस मिळवलेलं किटलीचं विणलेलं टोपडं, एवढं सगळं त्याने आजवर पोटात घातलं होतं.

"पहिल्या बक्षिसाला त्याने तोंडही लावलं नाही," नायजेलची बायको ग्लेनिस सगळ्यांना सांगे. "मुळात विनयशील आहे तो."

विमा नूतनीकरणाचं पत्र आलं तेव्हा ग्लेनिस एक्सेटरला निघण्याच्या गडबडीत होती. तिच्या बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. नायजेलने पत्र उघडलं आणि खुर्चीत बसला.

"ग्लेनिस, हप्ता पुन्हा वाढला! महिन्याला एकशे दहा पौंड! अगं, एवढ्यात माझा विमा निघेल."

"तू मोजे गिळत नाहीस, नायजेल."

"दरवर्षी वाढतोय पण!"

"दरवर्षी त्याचं वयही वाढतंय. तुझंही वाढतंय, पण तुझ्यासाठी कोणी एकशे दहा मागत नाही, यातच काय ते समज." तिने कोटाची बटणं लावली. "हे बघ. बेव्हर्लीला फोन कर, हो म्हण आणि फोन ठेव. तीनच गोष्टी आहेत. चौथी करू नकोस."

बेव्हर्ली म्हणजे विमा कंपनीतल्या बाई. गेली नऊ वर्षं ट्रेव्हरची पॉलिसी त्याच सांभाळत. टोपड्याच्या वेळी दाव्याचे पैसे त्यांनीच मंजूर केले होते, वर 'आता शौचाला नीट होते ना?' म्हणून मुद्दाम फोनही केला होता. नाताळात ट्रेव्हरच्या नावाने त्यांचं कार्ड येई. नायजेलच्या नावाने येत नसे.

ग्लेनिसची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि नायजेल संगणकापुढे बसला. नुसतं बघायला.

बघता बघता दहा-बारा कंपन्या झाल्या. काहींना फोन करावा लागला, आणि तिथेच नायजेलचा स्वभाव आडवा आला. त्याला खोटं बोलता येत नाही. प्रश्नाला नुसतं उत्तर देऊन थांबताही येत नाही.

"कुत्र्याला यापूर्वी काही त्रास?" एका कंपनीतल्या तरुणाने विचारलं.

"छे! ठणठणीत आहे. आता कान दुखतात मधूनमधून. म्हणजे बॅसेटचे दुखतातच. जिन्यावरून उतरताना पाठ धरते, पण माझीही धरते. आणि माझ्या मेहुणीकडे गेलो की लंगडतो."

"लंगडतो?"

"तिच्याकडे मांजर आहे. ते नाटक असतं."

"लंगडतो," तरुण म्हणाला, आणि हप्ता पलीकडे वाढल्याचं नायजेलला फोनमध्ये जवळजवळ ऐकू आलं.

शेवटी एक कंपनी सापडली, जिथे माणसाशी बोलायचंच नव्हतं. संगणकावर खुणा करायच्या आणि मोकळं व्हायचं. हप्ता निम्म्याहून कमी! नायजेलने उभं राहून खोलीत एक फेरी मारली. अटी मामुलीच होत्या. पहिले दोन आठवडे कुठलाच खर्च मिळणार नाही, आणि जुनी दुखणी, म्हणजे कान आणि पाठ, विम्याबाहेर. (बॅसेट हाउंडमधून कान आणि पाठ वजा केली तर काय उरतं, हा विचार त्याला त्या क्षणी शिवला नाही.) त्याने पैसे भरले. आता राहिलं एकच काम. बेव्हर्लीला सांगायचं.

वाक्य त्याने आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. 'आम्ही दुसऱ्या कंपनीकडे जायचं ठरवलं आहे.' सोपं होतं.

"अय्या, मिस्टर हॅन्सफर्ड!" बेव्हर्लीबाईंचा आवाज फुलला. "कसा आहे आमचा राजा?"

आरशासमोरचं वाक्य नायजेलला आठवेना.

"बेव्हर्ली... मला जरा... म्हणजे ती पॉलिसी... बंद करायची होती."

पलीकडून आधी "अगंबाई" आलं. मग अगदी खालच्या आवाजात, "नाही हो. नाही. कधी?"

बाई काय समजल्या ते नायजेलला लगेच कळलं. हे इथे नमूद केलं पाहिजे, कारण पुढे त्याने 'मला कळलंच नाही' असं बरंच सांगून पाहिलं. त्याला कळलं होतं. एका वाक्यात सगळं निस्तरता आलं असतं. पण ते वाक्य होतं, 'कुत्रा मजेत आहे, तुम्ही महाग आहात.' आणि ज्या बाईने नऊ वर्षं आपल्या कुत्र्याच्या शौचाची चौकशी केली, तिच्या तोंडावर असं म्हणणं नायजेलला शक्य नव्हतं. दुकानात चुकीचे बूट मिळाले तरी 'छान आहेत' म्हणून ते वर्षभर घालणारा माणूस तो. त्याने जे त्याला जमतं तेच केलं. तो गप्प बसला.

"बोलू नका," बेव्हर्लीबाई रडू लागल्या. "काही बोलू नका. मी करते सगळं बंद. ग्लेनिसला माझं... सांभाळा हो तिला."

नायजेलने फोन ठेवला. ट्रेव्हर त्याच्या पायाशी बसून चपलेची चव घेत होता.

"सॉरी," नायजेल त्याला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नायजेल आणि दिवंगत ट्रेव्हर समुद्रावर फिरायला गेले असताना फुलवाला येऊन गेला. घरी कोणी नाही म्हणून फुलं त्याने रीतीप्रमाणे शेजारच्या मिसेस गॉलपकडे ठेवली. फुलांना बेव्हर्लीबाईंच्या शोकसंदेशाचं कार्ड होतं. कार्ड उघडंच होतं. मिसेस गॉलप वाचायला कधी कंटाळत नसत.

संध्याकाळी त्या आल्या. एका हातात पांढऱ्या फुलांची मोठी परडी, दुसऱ्या हातात मटण भरून भाजलेली पाई.

"शब्दच नाहीत, नायजेल."

त्यांना ते नेहमी सापडत. पण त्या पुढे काही म्हणणार, एवढ्यात पाईच्या वासाने ट्रेव्हर स्वयंपाकघरातून डुलत डुलत आला आणि त्यांच्या पायाशी बसला. मिसेस गॉलपनी त्याच्याकडे पाहिलं. मग नायजेलकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"नवीन आणलात," त्या म्हणाल्या.

नायजेलने ट्रेव्हरला मागे ओढलं.

"एका दिवसात?"

"त्याचं काय आहे..."

"आणि अगदी तस्साच. ग्लेनिसला ठाऊक आहे?"

"अजून नाही."

"मी म्हणते, माझं काय जातंय," मिसेस गॉलप म्हणाल्या, आणि फुलं टेबलावर ठेवून निघाल्या. पाई मात्र परत घेऊन गेल्या. ती दुःखात असलेल्या माणसासाठी होती.

रात्री ग्लेनिसचा फोन आला.

"ट्रेव्हर कसा आहे?"

"मजेत. शांत आहे."

"फारच शांत?"

"झोपलाय."

"झोपलाय," ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज जरा विचित्र वाटला. नायजेलने त्याचं खापर टेलिफोन कंपनीवर फोडलं. (ती त्याने नुकतीच बदलली होती.) "बेव्हर्लीला फोन केलास?"

"केला."

"मग? काय म्हणाली?"

"तुला आठवण सांगितलीय."

"काही सांगायचंय तुला, नायजेल?"

"नाही," नायजेल म्हणाला. हे मात्र खोटंच होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बोललेलं खोटं इतकं सहज निघालं म्हणून त्याला क्षणभर बरंही वाटलं.

सकाळी तो खाली आला तेव्हा परडी जमिनीवर उपडी पडली होती. फुलं इकडे तिकडे, अगदी जशीच्या तशी. त्यांना ट्रेव्हरने हात लावला नव्हता. फुलं खोचायचा हिरवा स्पंज मात्र नाहीसा झाला होता. त्याभोवतीची रेशमी फीतही.

"ट्रेव्हर!"

ट्रेव्हर खाटेखाली होता. खाऊ दाखवला तरी उठला नाही. बिस्किटाचा डबा वाजवला तरी नाही. नऊ वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. नायजेलने त्या अवजड, लांबड्या प्राण्याला दोन्ही हातांवर उचललं (पाठ धरली, पण त्याच्या ते लक्षातही आलं नाही) आणि अनवाणीच गाडीकडे धावला.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि दिव्यावर धरला.

"आतडं अडलंय. आजच पोट उघडावं लागेल. वय बघता धोका आहे, पण थांबलो तर नक्कीच जाईल. आणि खर्च बराच आहे. विमा आहे ना?"

"आहे," नायजेल म्हणाला. "म्हणजे एका कंपनीच्या हिशेबाने तो अजून सुरू झालेला नाही."

"आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्या कंपनीच्या हिशेबाने हा वारलाय."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. टेबलावरच्या ट्रेव्हरने एक डोळा उघडला आणि नायजेलच्या मनगटावर हळूच जीभ फिरवली. त्या एवढ्याशा ओलाव्याने नायजेलचा सगळा हिशेब वाहून गेला. सुट्टीतल्या भटकंतीसाठी एक जुनी कॅरव्हॅन घ्यायची म्हणून तो सहा वर्षं पैसे साठवत होता. वीज, गॅस, टेलिफोन, सगळी वाचलेली रक्कम त्यात होती.

"करा," तो म्हणाला. "पैसे मी भरतो. फक्त त्याला... मी एकदा मारलाय त्याला. पुन्हा नको."

मग तो बाहेरच्या बाकावर बसला. समोर एक म्हातारे गृहस्थ मांडीवर पिंजऱ्यातलं ससुलं घेऊन बसले होते. त्यांनी नायजेलच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, आणि आपल्या गळ्यातला मफलर काढून त्याच्या पायांवर टाकला. मग दोघंही हवामानावर बोलले. एवढं चांगलं हवामान नायजेलने पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी दार उघडलं आणि ग्लेनिस आत आली. कोट उलटसुलट, केस विस्कटलेले.

"इथून मला फोन आला. जिवंत आहे?"

"शस्त्रक्रिया झाली. निभावला म्हणतात. ग्लेनिस, मला तुला..."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"सगळं. मिसेस गॉलपने काल संध्याकाळीच फोन केला. म्हणाली, ट्रेव्हर गेला, आणि तुझ्या नवऱ्याने त्याची राख थंड व्हायच्या आत दुसरा आणला. मी विचारलं, कसा दिसतो? म्हणाली, तोच सुतकी चेहरा. मग काय ते मला कळलं. लगेच बेव्हर्लीला गाठलं. कार्यालय बंद व्हायच्या बेतात होतं."

"मग?" नायजेलने विचारलं.

"मग काय, जुनी मुदत संपली नव्हती. तिने पॉलिसी होती तशी चालू केली. कान, पाठ, सगळं धरून. आजचा खर्च ते देतील."

नायजेल बाकावर परत बसला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, आणि ही बाई एका शेजारणीच्या चहाडीवरून एका फोनमध्ये मेलेला कुत्रा जिवंत करू शकते, हे त्याला आज कळत होतं. त्याला वाटलं, हिला नगरपालिका चालवायला द्यायला हवी होती. निदान वाहनतळ.

"मग काल रात्री तू मला बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते. दोनदा संधी दिली. आणि ऐकायलाही मजा येत होती."

"बेव्हर्ली चिडली असेल."

"चिडली? नाचली रे ती! सगळ्या ऑफिसला ओरडून सांगितलं. मला टाळ्या ऐकू आल्या. परक्याच्या कुत्र्यासाठी एवढं कोण करतं, सांग बघू? आणि तू तिथून पळत होतास."

"तिला काय सांगितलंस? म्हणजे, मी असं का केलं ते?"

"खरं तेच सांगितलं," ग्लेनिस म्हणाली, आणि त्याला पायमोजे दिले. ते तिने येताना बरोबर आणले होते. तो अनवाणी असणार हेही तिला ठाऊक होतं.

आठवड्याने ट्रेव्हर घरी आला. पोटाला टाके, ते चाटू नयेत म्हणून गळ्यात मोठा पांढरा कर्णा. पहिल्याच संध्याकाळी त्याने त्या कर्ण्याच्या कडेचा एक तुकडा खाल्ला, तेव्हा दोघांना खरा धीर आला. मिसेस गॉलप पाई घेऊन पुन्हा आल्या. ट्रेव्हरला नीट निरखून म्हणाल्या, "हा पहिल्यापेक्षा बरा आहे." कोणी त्यांना दुरुस्त केलं नाही.

आणि टपालाने कार्ड आलं. काळी किनार, वर पांढरी लिली, शोकप्रसंगी पाठवतात तसं. नायजेलने घाबरून ट्रेव्हरकडे पाहिलं. तो घोरत होता.

"उघड ना," ग्लेनिस म्हणाली. "बेव्हर्लीचं अक्षर आहे."

नायजेलने उघडलं आणि मोठ्याने वाचलं:

"प्रिय ग्लेनिस, ट्रेव्हर परत आला, आम्हा सर्वांना अतिशय आनंद झाला. नायजेलच्या बाबतीत आम्ही तुझ्या दुःखात सहभागी आहोत."

खाली साऱ्या ऑफिसच्या सह्या होत्या.