एक नंबरचा फोटो

सोमवारी सकाळी अन्सेल्मो लुमापासने ऑर्किडवाल्यांचा फोरम उघडला आणि त्याच्या हातातली कॉफी तशीच राहिली. पाच वर्षांत त्याने टाकलेल्या प्रत्येक फोटोच्या जागी एक झोपलेलं मांजर होतं. वालिंग-वालिंग जातीच्या ऑर्किडच्या पहिल्या फुलाच्या जागी मांजर, कुजलेल्या मुळाच्या जागी मांजर, रोपाला कोंब फुटला तिथेही मांजरच. खाली एक ओळ होती : ‘ही फुकट सेवा बंद झाली आहे.’

फोरमवर फक्त लिहायची सोय होती. फोटो दुसऱ्या एखाद्या वेबसाइटवर ठेवायचे आणि इथे त्यांचा दुवा द्यायचा, अशी पद्धत. ती दुसरी वेबसाइटच झोपली होती. वेळही काय साधली होती! दावाओच्या वार्षिक ऑर्किड प्रदर्शनासाठी परीक्षक निवडायचे होते. निवड करणार होते डॉक्टर एव्हारिस्तो पालाड, आणि ती प्रत्येकाचं फोरमवरचं पाच वर्षांचं काम बघून. अन्सेल्मोला गेली चार वर्षं परीक्षक व्हायचं होतं. तसं तो कुणाला सांगत नसे, पण परीक्षकांच्या बिल्ल्यासाठी शर्टाला खिसा मात्र शिवून घेतला होता.

त्याने भूमापन कार्यालयातून रजा काढली आणि फोटोंसाठी नवं घर शोधायला बसला. पहिल्या वेबसाइटने वीतभर फुलाचं पोस्टाचं तिकीट करून टाकलं. दुसरी फोटो छान ठेवायची, पण प्रत्येक फुलाशेजारी एक बाई डोळा मारत ‘एकटे आहात का?’ असं विचारायची.

“एकटा आहेस का रे तू?” मागून बायकोने, पर्लिताने विचारलं.

“अगं, जाहिरात आहे ती!”

“सकाळपासून बघतोयस. माझ्याशी लग्न ठरवताना इतकी चौकशी केली नव्हतीस.”

“तेव्हा नियम वाचायला कुणी दिले होते?”

तिसऱ्या वेबसाइटने नियम दिले. अकरा पानं होती. अन्सेल्मोने दोन वाचली. फोटो लहान होत नाही, जाहिरात नाही, मुदत नाही. उरलेल्या नऊ पानांत याहून चांगलं काय असणार, असं म्हणून त्याने ‘मान्य’ दाबलं. भूमापन कार्यालयात जमिनीच्या तुकड्यालाही नाव नसतं, नंबर असतो. त्या सवयीने त्याने फोटोंना एक ते बासष्ट नंबर दिले, चढवले, आणि फोरमवर बसून एकेक मांजर हुसकावून लावलं. दोन दिवस गेले. बुधवारी दुपारी बाग पुन्हा फुलली.

“झालं ना तुझं? मग आता आईच्या सत्तरीचे फोटो टाक,” पर्लिता म्हणाली. “कॅनडाहून नोली रोज विचारतोय. खाली काय लिहायचं ते मी लिहून ठेवलंय.”

पर्लिताची आई लुदिविना, म्हणजे सगळ्यांची नानाय लुदिंग; नानाय म्हणजे आईच. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं, त्यातली वीस मुख्याध्यापिका म्हणून. नवरा गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, ती दिगोसहून लेकीकडे राहायला आली होती. नोली तिचा मुलगा. त्याला फोटो क्रमाने दिसावेत म्हणून अन्सेल्मोने त्याच वेबसाइटवर चढवताना त्यांनाही नंबर दिले. एक ते चाळीस.

गुरुवारी ऑफिसात डॉक्टर पालाडांचा फोन आला. डॉक्टर मितभाषी होते.

“अन्सेल्मो, तुमचं काम बघायला बसलोय.”

“हो सर! कसं वाटलं?”

“फुलं कुठली ते ओळखता येत नाहीये. सगळी एकाच बाईसारखी दिसतायत.”

अन्सेल्मोने फोरम उघडला. ‘खोडाला सुरकुत्या पडल्या आहेत, काळजीचं कारण आहे का?’ या त्याच्या जुन्या प्रश्नाखाली नानाय लुदिंग जवळून हसत होती. ‘तीन वर्षं झाली, फूल नाही’ याखाली ती खुर्चीत बसून कॅमेऱ्याकडे असं बघत होती, जणू त्याने गृहपाठ केलेला नव्हता. आणि ‘अदलाबदलीसाठी : जागा कमी पडते म्हणून देतोय. निरोगी आहे, पण पानं टोकदार, सांभाळून हाताळावं’ याखाली ती हातात केक कापायची सुरी घेऊन उभी होती. कागायानच्या एका सभासदाने सकाळीच लिहिलं होतं : ‘माझ्याकडे अशीच एक आहे. अदलाबदल करून दोघांचाही फायदा नाही.’

आता त्याने नियमांचं सातवं पान वाचलं. ‘त्याच नावाचा नवा फोटो ठेवल्यास जुना आपोआप काढला जाईल. दुवा तोच राहील. ही सोय खास तुमच्यासाठी.’

 डॉक्टर अजून बघतच असणार. घरच्या कॉम्प्युटरवर सगळे मूळ फोटो होते. तो पोट दुखतंय म्हणून ऑफिसातून निघाला, जीपनीतून उतरून धावत घरी आला आणि ऑर्किडचे एक ते चाळीस फोटो पुन्हा चढवले. फोरम तपासला. प्रत्येक फूल आपापल्या जागी होतं. त्याने खुर्चीच्या पाठीला मान टेकवली आणि निवांत डोळे मिटले.

सातवं पान दोन्ही बाजूंना लागू होतं, हे त्याच्या लक्षात येण्याआधी ते नोलीच्या लक्षात आलं. पर्लिताचा फोन वाजला.

“ताई, हा काय चावटपणा आहे?” नोलीचा आवाज सगळ्या घरात घुमला. “मी इथे चर्चमधल्या चाळीस माणसांना मोठ्या पडद्यावर आईचा अल्बम दाखवतोय. खाली लिहिलंय, ‘सत्तरीतही आई तशीच टवटवीत’, आणि वर काळं पडलेलं कुजकं मूळ!”

“काय बोलतोयस तू?”

“पुढे ‘आईचं गोड हसू’, तर पानावर ही एवढी गोगलगाय! पाद्रीबाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आईला क्षमा कर!”

पर्लिताने फोन खाली ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. “अन्सेल्मो.”

“सांगतो. सगळं सांगतो. फक्त नानायना कळू देऊ नकोस.”

“नानायना काय कळू द्यायचं नाही?” दारात नानाय लुदिंग उभी होती. नोलीने तो अल्बम तिलाही पाठवला होता, आणि हातातल्या फोनवर ती गोगलगाय तशीच होती.

चाळीस वर्षं मुलांची खोटी कारणं ऐकलेल्या बाईसमोर नवं कारण काढायची अन्सेल्मोची छाती झाली नाही. त्याने एक ते चाळीस सगळं सांगितलं. अदलाबदल तेवढी वगळली.

“म्हणजे सकाळभर तिथे मी होते?”

“हो, नानाय. चुकून.”

“लोक काय म्हणाले माझ्याबद्दल?”

“तुमच्याबद्दल नाही हो, उत्तरं जुनी आहेत. झाडांबद्दलची.”

“वाचून दाखव.”

“नानाय...”

“मोठ्याने. तोंडातल्या तोंडात नको.”

अन्सेल्मो उभा राहून वाचू लागला. बसून वाचायचं त्याला सुचलंच नाही. “सुरकुत्यांवर डॉक्टर पालाड लिहितात, ‘झाड म्हातारं झालेलं नाही, तहानलेलं आहे. घरातल्यांचं दुर्लक्ष झालंय.’”

 पर्लिता उगाच टेबल पुसू लागली.

“पुढे?”

“पुढे... फूल येत नाही त्यावर. ‘ठेवलंय कुठे? मागच्या अंधाऱ्या बाजूला ठेवलं असेल तर आशा सोडा. सकाळचं ऊन लागेल, माणसांची ये-जा दिसेल अशा जागी आणा. मग बघा.’”

 नानायची खोली मागच्या बाजूला, धुण्याच्या दगडापलीकडे होती. तिथून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसायची. तीन वर्षं ती टाकीच दिसत होती.

“हे डॉक्टर कुठल्या रोगाचे?” नानायने विचारलं.

“गुरांचे आहेत.”

“असू दे. माझ्या गुडघ्याला तीन डॉक्टर झाले, रक्तदाबाला दोन. ठेवलंय कुठे, असं एकानेही विचारलं नाही.”

“आई, तू कधी बोलली नाहीस गं,” पर्लिताचा आवाज बारीक झाला होता.

“तुमच्या घरात जागा कमी. त्यात पुढच्या गॅलरीत याची झाडं. मी कुठे बोलू?”

शनिवारी अन्सेल्मोने स्वतः चौतीस कुंड्या उचलून मागे नेल्या. पुढची खोली नानायला मिळाली आणि गॅलरीत तिची वेताची खुर्ची आली. सोमवारी सकाळीच तिने पोमेलो विकणाऱ्या फळवाल्याचा हिशेब सुधारला, शाळेत निघालेल्या तीन मुलींचे शर्ट आत खोचायला लावले, आणि न्याहारीला तांदळाचे वाफवलेले पुतो एकाऐवजी तीन खाल्ले. अल्बमही नीट लागला. या खेपेला अन्सेल्मोने प्रत्येक फोटोला लांबलचक नाव दिलं होतं.

पुढल्या रविवारी डॉक्टर पालाड आले. फोटोंवर आता आपला भरवसा राहिलेला नाही, झाडं प्रत्यक्षच बघू, असं त्यांनी कळवलं होतं. अन्सेल्मो खिशाचा शर्ट घालून मागच्या अंगणात पहाटेपासून पानं पुसत होता. दहाला फाटक वाजलं. साडेदहा झाले, अकरा झाले, कुणी मागे आलं नाही. तो हात पुसत पुढे गेला.

गॅलरीत डॉक्टर दुसऱ्या खुर्चीत बसले होते आणि ते मितभाषी गृहस्थ न थांबता बोलत होते. नानाय हसत होती. तिला असं हसताना अन्सेल्मोने पाहिलं नव्हतं, सत्तरीच्या एकाही फोटोत नाही.

“सर, झाडं मागे आहेत,” तो म्हणाला.

“हो, हो. बघायचीयत,” डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा नानायकडे वळले. “तर काय सांगत होतो, ती म्हैस...”

दुपारचं जेवण झालं, कॉफी दोनदा झाली. ऊन उतरल्यावर डॉक्टर उठले. टोपी घालता घालता त्यांना आठवण झाली.

“अन्सेल्मो, झाडं राहिलीच की. आता पुढच्या रविवारी.”

“पुढच्या रविवारी नक्की, सर?”

“नाही रे,” नानाय खुर्चीतूनच म्हणाली. “पुढच्या रविवारी हे मला बाजारात घेऊन चाललेत. तू त्याच्या पुढचा रविवार धर.”